अंगठ्याचं नख

भंगारातलं प्लास्टिक पुन्हा वापरतात म्हटलं की शहाणीसुरती माणसं नाक मुरडतात. मला त्यांचा भारी राग येतो. अरे, फुटलेली बादली नाल्यात फेकायची की तिचं काही करायचं? चिखलीजवळच्या एका शेडमध्ये मी नऊ वर्षं हेच काम केलं, आणि इमानानं केलं तर ते चांगलं काम आहे, असं आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. माझी चीड वेगळीच आहे.

आमच्याकडे फवारणीच्या पंपाची झाकणं बनायची. पाठीवर अडकवून कपाशीवर औषध मारतात, तो पंप. त्याच्या टाकीचं तळहाताएवढं काळं झाकण. दिसायला काही नाही हो, पण ते तडकलं की आतलं विष सरळ माणसाच्या पाठीवर. "एवढं ध्यानात ठेव, बाकी सारं विसर," असं मावशीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मावशी माझ्या नात्यातली नव्हती. शेडमधली सगळ्यात जुनी बाई, म्हणून सगळ्यांचीच मावशी. आम्ही चौघी जणी पोती अंथरून भंगार निवडायला बसायचो. मोडक्या खुर्च्या, बादल्या, मग, तेलाच्या कॅन, सगळं समोर येऊन पडायचं. झाकणाला लागतं ते खुर्ची-बादलीचं कडक प्लास्टिक. ते दळायचं, त्याची थोडी चुरी नव्या प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायची आणि मशीनमध्ये टाकायची. कॅनचं प्लास्टिक मऊ, मेणचट. त्याचं कडक मालाशी पटतच नाही. मशीनमध्ये दोन्ही वितळतात, साच्यातून झाकण बाहेर येतं तेही चकाचक. पण आत दोघांनी एकमेकांना धरलेलंच नसतं. थोडे दिवस उन्हात गेले की झाकणाचे पापुद्रे सुटायला लागतात.

आणि पाण्यात टाकून पाहावं, तर दोन्ही तरंगतात! म्हणून नख. मावशीच्या उजव्या अंगठ्याचं नख चांगलं वाढवलेलं होतं. प्रत्येक तुकड्यावर ते ओढायचं. ओरखडा उठला तर तुकडा मऊ, दे फेकून. नख नुसतं घसरलं तर तो आपल्या कामाचा. "रंग काय पाह्यतं पोरी, नख लाव," असं ती दिवसातून दहादा म्हणायची. तिच्यामुळे आम्ही बाकी तिघींनीही एक एक नख राखलं होतं. माझी नणंद मला हडळ म्हणून चिडवायची. चिडव बाई, म्हटलं. लग्नाकार्यात मेंदी काढली तरी ते नख मी कापलं नाही.

हंगाम आला, मागणी वाढली आणि शेठच्या अंगात आलं. आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "दिवसभर नखं काय घासत बसता? पाण्याच्या टाकीत टाका, तरंगलं ते घ्या, विषय संपला."

मावशी म्हणाली, "शेठ, पाण्यावर तं दोन्ही तरंगते."

"काळा रंग टाकला की सगळं सारखंच दिसते," शेठ म्हणाले आणि निघून गेले.

म्हणजे त्यांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं! म्हणून तर आजही आठवलं की माझं डोकं सणकतं. अडाणीपणानं चुकलेल्या माणसाला एकवेळ माफ करता येतं.

मावशीनं ऐकलं नाही. ती तुकड्यांवर नख ओढतच राहिली, आणि तिच्याकडे पाहून आम्हीही. मग एका सकाळी पाहतो तर काय, गेटवर दोरीला नेलकटर लटकवलेलं. शेठचा हुकूम होता: बाहेरून माणसं पाहणीला येणार, स्वच्छता पाहिजे, नखं कापल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. वा रे स्वच्छता! बायांच्या संडासाला धड कडी नव्हती, प्यायच्या पाण्याच्या टाकीत शेवाळ साचलेलं, आणि घाण कुठं दिसली, तर आमच्या अंगठ्यावर.

मावशीनं नेलकटर हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं. "नख कापून मी अंदर काय करू? माशा मारू?" एवढं बोलून ती डबा घेऊन माघारी वळली. तिला कोणी थांबवलं नाही. आम्ही तिघींनी एकामागे एक नखं कापली. घर याच कामावर चालतं, असं मी मनाला समजावलं. ते खरंही होतं.

महिना झाला असेल. भरदुपारी साखरखेर्ड्याकडचा एक शेतकरी शेडमध्ये आला. पिशवीतून आमचंच झाकण काढलं, मधोमध चिरलेलं. मग आमच्याकडे पाठ करून त्यानं सदरा वर केला. माय गं! खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी लालबुंद, जागोजागी सोललेली. दवाखान्यातून कालच सुटला होता बिचारा.

शेठ काय म्हणाले असतील? "तुम्ही लय जोरात आवळलं असंन. तुम्हा लोकांना दमच नसते." त्या माणसाच्या पाठीकडे पाहून हे बोलवलं कसं, देव जाणे. मग मोठ्या मनाचा आव आणून त्यांनी तीन नवी झाकणं त्याच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "आमच्या बाया एकेक तुकडा पाहून घेतात. विचारा हिला."

तो माझ्याकडे वळला. "ताई, हे तरी बरे हायेत ना? उद्या फवारणी हाये. माह्या पाठीवर आता पंप टेकत नाई, लहाना भाऊ घेईन."

नख नव्हतं हे खरं, पण जीभ तर होती ना तोंडात! शेठ माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. होकारार्थी.

तो गेला. मी पुन्हा पोत्यावर बसले. एक तुकडा उचलला, त्यावर अंगठा ओढला, काही कळलं नाही. दुसरा उचलला. तेच. डोळ्यांसमोर त्याची पाठ, आणि त्याच्या भावाची, जी मी पाहिलीही नव्हती. जेवणाची सुट्टी झाली तशी मी पळतच सुटले. जीपची वाट पाहत तो फाट्यावर उभा होता.

"दादा, ते झाकणं लावू नका," मी म्हणाले आणि त्याला मावशीच्या घरचा पत्ता सांगितला. "तिले दाखवा. तिच्या अंगठ्याले नख हाये."

तासाभरानं तो परत आला. मावशी सोबत आली होती, पण ती गेटबाहेरच थांबली. त्यानं तिन्ही झाकणं शेठच्या टेबलावर आपटली. मावशीनं नख घातलं तसा प्रत्येकाच्या कडेचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून वर आलेला.

शेठ ओरडले, "याला कोणी पाठवलं?"

"मी," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "अन् मघाशी मी मान हलवली ते खोटं होतं. खरं काय हाये ते तुमाले बी माहीत हाये, मले बी."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी डबा उचलला आणि बाहेर आले. बाहेर टेम्पो लागला होता. त्याच झाकणांची पोती त्यात भरली जात होती. तो शेतकरी ड्रायव्हरशी भांडत होता, त्याला पापुद्रे दाखवत होता. ड्रायव्हर म्हणत होता, मला काय सांगता, शेठला सांगा.

मावशीनं माझा अंगठा हातात घेऊन पाहिला.

"नख येईन महिन्याभरात," ती म्हणाली. मग माझ्या डोळ्यांत बघत तिनं विचारलं, "पण मान काऊन हलवली होती व पोरी?"