माशांच्या बाजारातला दक्षिण ध्रुव

मला आयुष्यात एकाच माणसाचा मनापासून हेवा वाटला, आणि ते माणूस माझ्याच घरात चुलीपुढं बसून भाकरी थापत असे. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोवर जळणारा नवरा म्हणजे हसण्याचाच विषय, आणि मी मास्तर होतो. मास्तराला लोक हसू लागले की संपलं.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठी, बल्लारपूरपासून चालत दीड तासावर. आम्ही ढिवर. बापानं जन्मभर जाळं टाकलं, भाऊ टाकत होते. मी तेवढा नॉर्मल स्कूल पास होऊन गावच्याच प्राथमिक शाळेत लागलो. धोतर नीट नेसायला लागलो, पेपर मागवायला लागलो. बायको मात्र पहिल्यासारखीच भावांची मासळी टोपलीत घेऊन बल्लारपूरच्या आठवडी बाजाराला जायची. मरळ, शिंगी, झिंगे. मास्तरीण झालीस, आता टोपली सोड, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "टोपली सोडून काय करू? तुमच्या शाळेत पोरं शिकवू?"

सत्तावन्न साली आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष सुरू झालं. त्याचं परिपत्रक चांद्याहून आलं. जगभरचे शास्त्रज्ञ दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात तळ ठोकून बसले आहेत, त्यांचं काम शिक्षकांनी गावोगाव लोकांना समजावून सांगावं, असं त्यात होतं. ज्याचं व्याख्यान शाळा तपासणाऱ्या डिप्टीसाहेबांना पसंत पडेल त्याला चित्रं दाखवायचा कंदील मिळणार होता आणि त्यानं तो घेऊन जिल्हाभर फिरायचं होतं. मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली. परिपत्रक वाचलं त्या क्षणापासून तो कंदील मला माझा वाटू लागला. आमच्या जातीच्या माणसाला तोवर कोणी खुर्ची देऊन ऐकलं नव्हतं. मला ऐकलं जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

चांद्याच्या वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणलं, काही मासिकं आणली. शब्दकोश मांडीवर घेऊन संध्याकाळी वाचायचो आणि मग मोठ्यानं मराठीत बोलून पाहायचो. समोर बायको मासळी साफ करत बसलेली. ती ऐकते की नाही याची मला फिकीर नव्हती. मला घसा मोकळा करायला भिंत चालली असती.

पण ती ऐकत होती. महिनाभरानं प्रश्न सुरू झाले.

"अवो, तिथी मानूस मेलं त जाळतेत का पुरतेत? लाकडं त नाईत."

"अवो, सहा महिने दिवस डुबत नाई म्हनता, मंग ते जेवतेत कवा? भूक कशी समजते?"

"तिथी एकबी बाई नाई? काऊन?"

मी आधी झिडकारायचो. मग लक्षात आलं, हे प्रश्न तिचे एकटीचे नाहीत. मी विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "बाजारातल्या बाया इचारतेत ना. मी सांगतो त्याईले."

आमच्याकडे बाईसुद्धा 'सांगतो' म्हणते, त्यात नवल नाही. नवल मला दुसरंच वाटलं. मी शाळेच्या ओसरीवर दोन वेळा सराव म्हणून बोललो होतो. पहिल्यांदा अकरा माणसं आली, दुसऱ्यांदा चार, आणि त्या चारांतला एक माझा भाऊ होता. तो बसल्या जागी झोपला.

बाजार सुटीच्या दिवशी असे. पुढच्या बाजाराला मी दीड वर्षाच्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि बायकोच्या मागून बल्लारपूरला गेलो. तिला न सांगता. मिरचीवाल्यांच्या ओळीआड उभा राहिलो.

तिच्या टोपलीभोवती वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या, कागद कारखान्यातल्यांच्या, राजुऱ्याकडून नदी ओलांडून आलेल्या. काहींची मासळी घेऊन झालेली होती तरी त्या उठत नव्हत्या. शेजारच्या मासळीवाल्या आपल्या टोपल्या सोडून इकडं कान देऊन होत्या. ध्रुवावर बर्फ किती जाड आहे ते शास्त्रज्ञ कसं मोजतात, हे ती सांगत होती. या एका मुद्द्यावर मी चार पानं लिहिली होती, ध्वनिलहरी आणि त्यांचं परावर्तन.

ती म्हणाली, "तलावात पानी किती हाय ते आपन बांबूनं पाहतो. तिथी बांबू पुरत नाई. मंग ते वरतून सुरुंग उडवतेत अन आवाज सोडतेत खाली. आवाज तळाले लागला का वापस येते. किती वेळानं आला, त्याच्यावरून समजते."

"हाव वो!" एक बाई म्हणाली. "खदानीत सुरुंग उडला का आमच्या घरी भांडे वाजतेत."

"तसंच."

झालं. चार पानांचं काम झालं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि हे मी नुसतं बोलायची रीत म्हणून म्हणत नाही, खरोखर दुखलं. वाटलं, पुस्तक मी आणलं, शब्दकोश मी धुंडाळला, डोळे माझे गेले, आणि लोक हिच्यापुढं बसलेत. हिला तर सहीसुद्धा येत नाही.

मग तिनं पेंग्विन काढला. "तिथी एक पाखरू हाय. मानसावानी उभं रायते. बाई अंडं देते अन चालली जाते समुद्रात, मासोळ्या खायाले. बुवा बिचारा अंडं पायावर घेऊन उभा. दोन महिने. उपाशी. बाई येतपर्यंत हालत नाई."

बायका हसायला लागल्या. तेवढ्यात माझ्या खांद्यावरची मुलगी आईला बघून किंचाळली. सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई बाजारात मासे घेऊन बसलेली आणि बुवा मिरच्यांच्या आड लेकरू घेऊन उभा! मग जो हशा पिकला तो मिरचीवालेसुद्धा आवरू शकले नाहीत. माझी बायकोही तोंडाला पदर लावून हसत होती.

त्यानंतर मला रस्त्यानं जाणं मुश्कील झालं. "गुरुजी, अंडं बरं हाय ना?" हे मी नदीवर ऐकलं, दुकानात ऐकलं, शाळेच्या फाटकाशी ऐकलं. त्यांचं ते प्रेमच होतं, आज कळतं. तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

एके दिवशी मी तिला सांगून टाकलं, "यापुढं ध्रुवाची एक गोष्ट बाजारात काढायची नाही. मासे विकायचे आणि घरी यायचं. ज्याला ऐकायचं असेल तो माझ्या व्याख्यानाला येईल."

ती वाद घालणारी बाई होती. त्या दिवशी घातला नाही. फक्त म्हणाली, "बाया इचारून राह्यल्या का ते बर्फातून आरपार जानारे लोक निंगाले का नाई दुसऱ्या बाजूनं. तेवढं सांगू द्या."

त्या वेळी एक तुकडी अख्खं खंड ओलांडायला निघालेली होती, पेपरात येत होतं. मी म्हणालो, "नाही."

व्याख्यान मकर संक्रांतीनंतर ठरलं, दुपारी, शाळेच्या पटांगणात. आणि लोक आले. इतके आले की मला आधी खरं वाटेना. बल्लारपूरहून बायका चालत आल्या होत्या, पोरं कडेवर घेऊन. त्यांची गोष्ट अर्धी राहिली होती ना. डिप्टीसाहेब खुर्चीत बसले, कौतुकानं गर्दीकडं पाहू लागले. मी उभा राहिलो आणि पाऊण तास बोललो. शुद्ध बोललो. अक्षांश, तापमान, बारा देश, परावर्तन, काही सोडलं नाही. दहा मिनिटांत पोरं रडायला लागली. वीस मिनिटांत कडेच्या बायका उठल्या. मधूनच कोणीतरी म्हणालं, "बाईले सांगू द्या ना, गुरुजी." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायको मागं कुडाला टेकून उभी होती, मुलीला घेऊन.

शेवटी डिप्टीसाहेबांनी लोकांना विचारलं, "सांगा पाहू, बर्फ किती जाड आहे ते तिथं कसं मोजतात?"

माझं व्याख्यान कोणाला कळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण गर्दीतून तीन-चार बायका एकदम बोलल्या. "बांबू पुरत नाई तिथी, साहेब. आवाज सोडतेत खाली."

साहेब खुर्चीतून पुढं सरकले. त्यांनी आणखी विचारलं, दिवस सहा महिने का असतो, तिथं झाड का नाही, अंडं कोण उबवतं. शेवटच्या प्रश्नाला हशा झाला, पण उत्तरं सगळी बरोबर. साहेब भारावून गेले. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

सगळ्या माना मागं वळल्या, कुडाकडं. साहेबांनीही तिकडं पाहिलं आणि तिला विचारलं, "काय बाई, कोणी सांगितलं हे यांना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. "हिनं," एवढा एक शब्द. माझ्या तोंडून तो निघाला नाही. मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो.

"गुरुजींनं," ती म्हणाली.

साहेबांनी वहीत माझं नाव लिहिलं.

कंदील मला मिळाला. मी मूल, ब्रह्मपुरी, गडचिरोली, सगळीकडं गेलो, खुर्चीवर बसलो, हार घातले गेले. पहिल्या गावी माझी भाषा चालेना, तेव्हा मी तिची वाक्यं घेतली. बांबूचं, भांड्यांचं, उपाशी बुवाचं. लोक पुढं सरकून ऐकत. प्रत्येक गावी ती वाक्यं बोलताना मला ती माझ्यापेक्षा चांगली बोलली असती हे कळायचं, आणि टाळ्या ऐकतानाही मी जळत होतो. तिच्या वाट्याच्या टाळ्या घेऊन पुन्हा तिच्यावरच जळणं, असला प्रकार होता तो.

परत आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. ती बाजाराला जात होती, मासे विकून परत येत होती. शेजारणीकडून कळलं, बायकांनी गोष्टीचं विचारलं की ती म्हणते, "गुरुजीले इचारा." मला विचारायला कोणी आलं नाही.

एका संध्याकाळी मी मुद्दाम तिच्यासमोर पेपर घेऊन बसलो. ती तुकडी दुसऱ्या टोकाला सुखरूप निघाली होती. ही बातमी मी प्रवासात जपून ठेवली होती, फक्त तिच्यासाठी. कुत्र्यांच्या गाड्या, बर्फातल्या झाकल्या भेगा, त्यांत अडकलेली वाहनं, सगळं सांगितलं, शुद्ध न बोलता सांगितलं. तिनं हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी थांबलो. ती काहीतरी विचारेल म्हणून थांबलो.

"काही विचारायचं नाही?" मीच म्हणालो.

"इचारून काय करू?" ती म्हणाली. "कोनाले सांगाचं हाय आता?"

बाजारात सांग की, एवढंच मला म्हणायचं होतं. ते ओठांवर आलं, आणि त्याच वेळी मला त्या बायका दिसल्या, तिच्या टोपलीभोवती बसलेल्या, मान वर करून तिच्याकडं बघत असलेल्या. मी पेपराची घडी घातली.