अकरा पावलं

फोटोमास्तरांच्या हट्टाला औषध नव्हतं. मुलीने हौसेने डिजिटल कॅमेरा घेऊन दिला, तर मास्तरांनी त्याची नवीकोरी लेन्स काढून डब्यात ठेवली आणि मध्ये अडॅप्टरची कडी घालून आपली तीस वर्षांची जुनी लेन्स त्यावर चढवली. बसली म्हणून खूशही झाले.

पण लेन्स तीच असली तरी नव्या कॅमेऱ्याच्या पोटातला सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान. तो चित्राचा मधला भाग तेवढा घेई, कडेचा सोडून देई. पहिल्याच ग्रुप फोटोत एका घरचे दोन्ही जावई अर्धेअर्धे आले. मास्तर म्हणाले, घरातली ही स्टुडिओची खोलीच आखूड आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मागे सरकत सरकत ते भिंतीला टेकले आणि शेवटी दार उघडून बायकोच्या स्वयंपाकघरात शिरले. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की तिने गॅस बंद करायचा आणि कॅमेऱ्याच्या स्टँडला जागा करून द्यायची.

एक दिवस मुलीचा फोन आला. लग्नाला चाळीस वर्षं झाली, दोघांचा एक फोटो पाठवा. शोधायला गेले तर घरात एकही सापडेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मास्तर जन्मभर कॅमेऱ्यामागेच उभे राहिलेले.

"मरायच्या आधी एक तरी हवाय मला," बायको म्हणाली. ती गंमत करत नव्हती.

कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मास्तरांना खपत नसे. म्हणजे टायमर लावणं आलं. त्यांनी खोलीत दोन खुर्च्या मांडल्या, हाताने रिंग फिरवून फोकस त्यांच्यावर नेमका बसवला आणि बायकोला बसवलं. टायमर दहा सेकंदांचा. पूर्वी कॅमेऱ्यापासून खुर्ची चार पावलांवर असे. आता अकरा पावलं, वर उंबरठा, वर मास्तरांचा दुखरा गुडघा.

पहिल्या फोटोत बायको आणि मास्तरांची पाठ आली. दुसऱ्यात बायको आणि खुर्चीपाशी जेमतेम पोचलेले मास्तर, तेही मागून.

"अहो, ती डब्यातली लावा की. म्हणजे एवढं लांब जायला नको."

"त्या प्लॅस्टिकला मी हात लावायचा नाही."

चौथ्या फोटोपर्यंत तिचं हसू मावळलं होतं. पाचव्या वेळी मास्तर उंबरठ्याला अडखळले, तोल सावरत तीन-चार पावलं धडपडले. ती खुर्ची सोडून धावली. तेवढ्यात कॅमेरा वाजला.

फोटोत खुर्च्या इतक्या स्वच्छ आल्या होत्या की वेताची वीण मोजावी. त्यांच्या अलीकडे दोघं धूसर. तिने दोन्ही हातांनी त्यांचं कोपर धरलेलं, आणि ते मान वळवून तिच्याकडे बघतायत.

"पुसून टाकतो," मास्तर ओशाळून म्हणाले. "फोकस चुकलाय."

"राहू दे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघताय, मध्ये कॅमेरा न धरता."

तोच फोटो गेला. मुलीने लगेच फोन केला. "बाबा, किती सुंदर आलाय. लावलीत ना शेवटी नवी लेन्स?"

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला.