मी आखलेली हिरवी पट्टी

"ही हिरवी पट्टी कोणी मागितली?" माझं ड्रॉइंग टेबलावर पसरून नायडूंनी विचारलं.

ते आमच्या सिमेंट फॅक्टरीचे सिव्हिल इंजिनिअर, मी ड्राफ्ट्समन. साल अठ्ठ्याण्णव, दुबईजवळचं रास अल खैमा. कंपनी नवी कॉलनी बांधत होती. एका बाजूला स्टाफच्या फॅमिलीज, दुसऱ्या बाजूला लेबर कॅम्प. मध्ये मी तीस मीटरचा बफर टाकला होता. बफर म्हणजे मुद्दाम मोकळी सोडलेली जागा. एरवी ती फॅक्टरी आणि घरांच्या मध्ये सोडतात, धुळीसाठी. मी माणसांच्या आणि माणसांच्या मध्ये सोडली. वर कुंपण, एक गेट आणि गेटपास.

"स्टँडर्ड आहे, सर," मी म्हणालो. खरं तर कोणीच मागितली नव्हती.

नायडू दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. इंग्रजीत सावकाश बोलायचे. "मी आठ वर्षांचा असताना आमच्या गल्लीवर अशीच रेघ आली. बाकीचे लोक तुमच्या नोकऱ्या आणि घरं घेतील, अशी गोऱ्या मतदारांना भीती घालून एक पक्ष निवडून आला होता. त्यांनी कायदा केला आणि शहर वंशाप्रमाणे वाटलं. आमचं घर गोऱ्यांच्या भागात पडलं. वडिलांचं शिंप्याचं दुकान गेलं. माझा काळा मित्र एकीकडे, आम्ही भारतीय दुसरीकडे. दोन वर्षांत आम्ही एकमेकांना घाबरायला लागलो." मग म्हणाले, "तो नकाशा काढणाराही तुझ्यासारखाच सज्जन असेल."

"इथे कुठे वंशाचा प्रश्न आहे, सर? पलीकडे आपलेच लोक आहेत."

"मग पट्टी काढ."

एका दुपारचं काम होतं. पण जीएमनी, म्हणजे जनरल मॅनेजरांनी, ड्रॉइंग पाहिलं होतं. "गुड. फॅमिलीवाले खूश होतील. यल्ला, चला, प्रिंट काढा." शाबासकी मला आवडली. मी पट्टीसकट प्रिंट काढले.

पलीकडे राहायला आलेल्यांत सदा होता. माझा आतेभाऊ, वेल्डर. व्हिसा मीच मिळवून दिलेला. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. नव्या कॉलनीतल्या पहिल्याच शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभा होता. मी आणायला गेलो. वॉचमनने पासचं पुस्तक पुढे केलं. मागे जीएमची बायको गाडीत खोळंबली होती. 'रिलेशन'च्या रकान्यात भाऊ लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, लेबर.

सदा इंग्रजी अक्षरं लावून वाचायचा. त्याने ते वाचलं.

जेवताना "वहिनी, आमटी झकास," एवढंच बोलला. पुढच्या शुक्रवारी आला नाही. मी कॅम्पात गेलो. "दादा, सुट्टीच्या दिवशी कपडे धुवायचे असतात रे," म्हणाला. मुलगी विचारायची, "डॅडी, सदाकाका का नाही कमिंग?" मी ड्यूटीचं कारण सांगायचो.

वर्षभराने नायडूंनी जीएमशी भांडून कुंपण काढायला लावलं. गेटही गेलं. तरीही सदा आला नाही.

आता आम्ही दोघंही गावी असतो. घरं हाकेच्या अंतरावर. सदा अजून आमच्या अंगणाच्या कडेला थांबतो आणि विचारतो, "दादा, येऊ का?" पूर्वी सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. त्याला "ये" म्हणताना आजही माझी मान खाली जाते.

नवे ड्राफ्ट्समन भेटले की सांगतो, रेघ मारण्याआधी ती कोणी मागितली ते विचारा. कोणीच मागितली नसेल, तर हात आवरा.