बाळारामभाऊंचा विंच

शेजारी गॅरेज असलं की घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. दोरीवरच्या कपड्यांना ऑइलचे डाग आणि डोक्यात किस्से. डाग सोड्याने जातात. किस्से जात नाहीत, उलट सांगून सांगून पक्के होतात!

आमचं घर खोपोलीत, घाट सुरू व्हायच्या अलीकडे. स्वयंपाकघराची खिडकी थेट बाळारामभाऊंच्या गॅरेजवर उघडते. आमचे हे म्हणायचे, "तुझी पोळी करपते ती त्या खिडकीमुळे." खोटं कशाला बोलू!

बाळारामभाऊंकडे एक जुनी जीप आणि तिच्यामागे जोडायचा, स्वतः बांधलेला ट्रेलर. घाटात मोटार बंद पडली की तिथे जायचं, ट्रेलरला दोन फळ्या तिरप्या लावायच्या, चार माणसं गोळा करून "हय्या हो" करत मोटार वर ढकलायची आणि खाली आणायची. गॅरेज चालायचं ते या घाटावरच.

त्या वर्षी ढकलता ढकलता बाळारामभाऊंची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जोर लावलात तर कायमचे आडवे व्हाल. त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, भाऊ माधव रसायनीच्या कारखान्यात होता. त्याने लगेच तिथेच, मोहोपाड्याला, गेटवर बसायची नोकरी शोधली. बाळारामभाऊंचा चेहरा असा झाला, की जणू गेटच्या आत कोंडूनच ठेवणार आहेत!

तेवढ्यात त्यांनी कुठूनसं ऐकलं, की विजेवरचा विंच मिळतो. तो एकटाच मोटार ओढतो.

मी खिडकीतून विचारलं, "विंच म्हंजे काय हो?"

"काकी, विहिरीवरचा रहाट असतो ना? तोच, पन मानसाऐवजी विजेची मोटर फिरवते."

सुमनवहिनींनी तिथेच अट घातली. "कोनी हात न लावता गाडी वर चढली, तर गॅरेज. नायतर मोहोपाडा!"

*

विंच निवडायला बाळारामभाऊ आणि त्यांचे वेल्डर रज्जाकमिस्त्री मुंबईच्या भंगारबाजारात गेले. टेंपो परत आला तेव्हा मागून नुसता वाकला होता. आत हा एवढा लोखंडी राक्षस!

"जहाजावरचा हाय!" बाळारामभाऊ म्हणाले. "दुकानदाराला विचारलं, किती ओढतो? तर तो म्हनाला, जहाज ओढतो. मंग म्हटलं, आपल्याला पुरेल."

ट्रेलरवर ठेवला तर ट्रेलरनेच नाक जमिनीला टेकलं. तरी सगळे खूश! रज्जाकमिस्त्रींनी गॅरेजमधल्या बोर्डातून वायर आणली, जोडली, आणि काय तो आवाज! माझ्या फळीवरची भांडी खणखणली.

मी सहज विचारलं, "पन घाटात वायर कुठं लावनार?"

बाळारामभाऊंनी वायरीचं टोक उचलून बघितलं. मग रज्जाकमिस्त्री म्हणाले, "काकी, चाय मिलेगी क्या?"

*

दुसऱ्या खेपेला अक्कल आली होती. जीपच्या बॅटरीवर चालणारा, बेताचा विंच आणला. मला वाटलं, आता हा फारच लहान. पण रज्जाकमिस्त्रींनी समजावलं. सपाटीवर मोटार पोरसुद्धा ढकलतं. चढ आला, त्यात चाक अडकलं, की तीच मोटार जड होते. म्हणून विंच मोटारीच्या वजनाहून थोडा जास्त ओढणारा घ्यायचा. थोडाच, जहाजाएवढा नाही!

बसवायचा कुठे, यावर तीन दिवस वाद. बाळारामभाऊंना तो उंचावर हवा होता, लोकांना दिसायला. रज्जाकमिस्त्री म्हणाले, दोर मोटारीच्या हुकाच्या रेषेत पाहिजे, म्हणजे खालीच, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला. बाळारामभाऊंनी घाईने एका सागवानी फळीवर ठोकून टाकला. पहिल्याच ओढीत फळी तडकली आणि विंच घसरत मोटारीच्या भेटीला निघाला.

"नवरी येईना म्हनून नवराच निघाला!" सुमनवहिनी म्हणाल्या.

*

मग जाड लोखंडी पट्टी आरपार बोल्ट मारून बसवली. पुन्हा चाचणी. ट्रेलर अंगणात सोडवून ठेवलेला, जीपच्या बॅटरीपासून नुसती लांब वायर ओढलेली. समोर गिऱ्हाइकाची मोटार, गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून उभी. तिला दोर लावला. बाळारामभाऊंनी बटण दाबलं. दोर ताठ झाला आणि अंतर कमी व्हायला लागलं!

"येतेय! येतेय!" अंगणात सगळे ओरडायला लागले. मी पोळी तव्यावर टाकून कुंपणाशी धावले.

सुमनवहिनी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून शांतपणे विचारलं, "अहो, कोन कोनाकडं येतंय?"

बघतो तर मोटार जागच्या जागी, आणि ट्रेलर तुरुतुरु तिच्याकडे निघालेला! ट्रेलर जीपला अडकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

*

दसऱ्याला विंचची पूजा. त्याआधी बाळारामभाऊंनी पेंटरकडून तो रंगवून घेतला. लाल विंच, पिवळी पट्टी, बोल्टसुद्धा हिरवे! हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. माधव मुद्दाम मोहोपाड्याहून आला होता.

बाळारामभाऊंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. हूं नाही की चूं नाही.

माधव म्हणाला, "भावजी, सोमवारी सकाळी आठला गेटवर यायचं बरं का."

बाळारामभाऊ बटण दाबतच राहिले. रज्जाकमिस्त्री कानस घेऊन ट्रेलरखाली शिरले. अर्थिंगची वायर जिथे लोखंडाला टेकते, नेमकं तिथेही पेंटरने दोन हात रंग दिला होता. रंगातून वीज कुठली जायला! तेवढा रंग खरवडला आणि विंच गुरगुरला!

सुमनवहिनी पेंटरला म्हणाल्या, "नवरीला मुंडावळ्या बांधतात रं बाबा, तिचं तोंड नाय बांधीत!"

पण माधव काही हटला नाही. "अंगनात काय, कायपन चालतं. घाटात चढवून दाखवा. सोमवारपर्यंत साहेबांना थांबवतो."

*

शनिवारी एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. वर वळणावर पुण्याच्या वकिलांची मोटार बंद पडली होती. बाळारामभाऊ जीपकडे निघाले, तर सुमनवहिनी आधीच पुढे बसलेल्या. "मी स्वतः बघनार." मग मीही मागे चढले. अशा वेळी घरी कोण राहील?

रज्जाकमिस्त्रींनी ट्रेलर नीट जोडला, चाकांना दगड लावले, फळ्या टाकल्या. बॅटरी उतरू नये म्हणून ते जीप चालू ठेवून आत बसले. वकीलसाहेब आपल्या मोटारीत स्टिअरिंग धरून. बाळारामभाऊंच्या हातात बटण.

विंच फिरला. मोटार आली, अगदी शहाण्या गाईसारखी. पुढची चाकं फळ्यांवर चढली, ट्रेलरवर पोचली. मागची चाकं फळ्यांच्या काठाला लागली आणि मोटार थांबली. विंच कण्हायला लागला. वीतभरच अडलं होतं!

बाळारामभाऊंनी बटण सोडलं. माझ्याकडे बघितलं नाही, वहिनींकडेही नाही. बाह्या वर सारल्या आणि मोटारीच्या मागे निघाले.

"तिथंच थांबा!" सुमनवहिनी ओरडल्या. "बटन धरा! तुमचं काम ते हाय."

"अगं, पन..."

"धरा म्हनते ना!"

वहिनींनी पदर खोचला आणि मोटारीच्या मागे जाऊन खांदा लावला. वकीलसाहेब खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "अहो बाई, हे काय?" वहिनी म्हणाल्या, "तुमी पुढं बघा!"

मग मी तरी काय नुसती बघत राहणार?

बटण दाबलं गेलं. मोटार टुणकन वर चढली.

खाली आलो तर गॅरेजच्या दारात माधव उभा. त्याने ट्रेलरवरची मोटार बघितली. आमच्याकडे बघितलं. माझे काळे झालेले हात मी हळूच पदराखाली घेतले.

"काय गं ताई? चढली आपोआप?"

सुमनवहिनींनी खोचलेला पदर सोडला, नीट खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या,

"ह्यांनी बोटपन नाय लावलं."