शेपटीतले अकरा दाणे

पोस्टिंगचा कागद आला तवा ज्वारी हुरड्यावर व्हती. आमचे मालक किसन इमानाच्या फौजेत कार्पोरल व्हते. एअरफ्रेम फिटर. म्हंजे इंजिन त्यांच्याकडं न्हाई, इमानाचं अंग त्यांच्याकडं. पंख, पोट, शेपूट, पत्रा. ह्या बदलीला क्वार्टर भेटणार व्हतं म्हणून मलाबी संगं घेतलं. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. तिथून हिंगोली, मंग रेल्वे, अन् पाचव्या दिवशी पूर्वेच्या डोंगरापाशी उतरलो. निघताना मायनं फडक्यात बियाची ज्वारी बांधून दिली. म्हणली, "तिकडं गोधडी शिवशील तर तिला उपाशी ठिवू नको."

आमच्याकडं रीत हाय. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत अकरा दाणे टाकायचे. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी निजत न्हाई.

मी दुसरी पास. मी फौजी न्हाई, पर हँगरात तीन सालं हजेरी लावली. तिथल्या कापडाच्या खोलीत एक जुना शिंपी व्हता, त्याचे डोळे गेले. मालकांचे वरचे म्हंजे वारंट साहेब. केरळकडचे, उंच, घड्याळावर चालणारे. ते एकदा क्वार्टरवरून जाताना थांबले. दोरीवर माझी गोधडी वाळत व्हती. बोट लावून टाके पाहिले. मालकांना म्हणले, "कार्पोरल, तुम्हारा वाइफ का हाथ सीधा है." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कामावर.

इमानात कापडाचं काय काम, असं गावात अजूनबी इचारतात. मलाबी तवा तेच वाटलं. मालक हसले. म्हणले, "आधी हाडं बघ, मंग कातडं."

पंखाच्या आत दोन लांब तुळया असतात. त्यांना स्पार म्हणायचं. सगळा भार त्यांच्यावर. त्यांच्यावर आडव्या फासळ्या, त्या रिब. फासळ्यांनी पंखाला आकार येतो. फासळ्यांना गोल गोल भोकं पाडलेली. म्या इचारलं, हे उंदरानं केलं का? मालक म्हणले, जिथं ताकद लागत न्हाई तिथला पत्रा काढून टाकलाय. इमानात फुकटचं वजन ठेवत न्हाईत. मजबूत तर करायचंच, पर हलकंबी ठेवायचं. साऱ्या तकलीफीचं मूळ तेच.

वरून पत्रा. तो नुसता झाकायला न्हाई, तोबी भार घेतो. हे मला वारंट साहेबांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर दाखवलं. डबा उभा केला अन् मला त्यावर चढवलं. डब्याला काही झालं न्हाई. मंग बाजूला बोटानं दाबून पोचा आणला, म्हणले आता चढा. डबा बसला अन् मी पडले. मालक तोंड फिरवून हसत व्हते. म्हणून पत्र्याला आतून बारीक पट्ट्या मारतात, पोचा येऊ नये म्हणून.

आमचं इमान जुनं, दोन इंजिनांचं, माल नेणारं. त्याच्या शेपटीला हलती फळी असते, एलिव्हेटर. ती वर झाली की नाक वर, खाली झाली की नाक खाली. ती हलकी पाहिजे म्हणून तिच्या फासळ्यांवर पत्रा न्हाई, कापड. ते माझं काम. मेण लावलेला दोरा, हातभर सुई. वरच्या कापडातून खालच्या कापडात, फासळीला वेढा, गाठ, मंग दोन बोटं पुढं. कापडावर डोप नावाचं औषध फासायचं. त्याला पिकल्या केळाचा वास. वाळलं की कापड हलगीवाणी ताणतं. मागच्या काठाला खालून बारीक भोकं ठेवायची. आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं.

मंग वारंट साहेब एलिव्हेटर घोडीवर, म्हंजे दोन पायांच्या उभ्या चौकटीवर, टांगून बघायचे, तराजूवाणी. पुढं शिसं लावलेलं असतं. मागची बाजू जड नको. फळी आडवी राहिली की सही करायचे.

उन्हाळ्यात म्या एका इमानाचे दोन्ही एलिव्हेटर शिवले. पुढच्या पोस्टवर रसद नेणारं इमान. तिकडं फिटर न्हाई म्हणून त्यात मालक बसायचे. उजव्या एलिव्हेटरचा शेवटचा कोपरा राहिला. खोलीत कोणी नव्हतं. म्या फडकं सोडलं, अकरा दाणे मोजले अन् आत सोडले. टाका घातला, गाठ मारली. काहून टाकले, असं कोणी इचारलं तर एकच सांगते. ह्या कापडावर माझा माणूस उडणार व्हता.

घोडीवर फळी आडवी राहिली. सही झाली.

मंग पावसाळा आला. इमान बाहेर उभं राहायचं. त्या हप्त्यात सात दिवस पाणी थांबलं न्हाई. आठव्या दिवशी आभाळ उघडलं. आठ वाजता उड्डाण व्हतं.

मी नेमानं साडेसहाला खोलीत. वारंट साहेब दुसऱ्याच इमानाचा एलिव्हेटर घेऊन आले, टेबलावर ठिवला अन् म्हणले, हे कोणाचं काम? त्याच्या एका भोकात डोप जाऊन ते बुजलं व्हतं. काम जुन्या शिंप्याचं निघालं. तरी साहेबांनी मला उभं करून समजावलं. भोक बुजलं की पाणी मागच्या काठाला साचतं. मागची बाजू जड होते. मंग हवेत फळीला थरथर लागते. एकदा लागली की थांबत न्हाई. इतकं म्हणून त्यायनं टेबलावरची पट्टी उचलली, थरथर हलवली अन् हातातून सोडून दिली.

माझ्या डोळ्यापुढं दाणे आले. ज्वारी पाण्यात फुगते, हे लेकरालाबी ठाऊक असतं.

सात वाजले व्हते. मी हँगराबाहेर गेले. मालक इमानाखाली चाकं बघून राहिले व्हते. म्या सांगितलं. ते उठले अन् हात पुसले.

"किती?"

"अकरा."

"कोणत्या बाजूला?"

"उजव्या."

ते शेपटीपाशी गेले अन् उजव्या फळीला खालून हात लावला. मला वाटलं आता म्हणतील, गप राहा, मी काढून घेतो. त्यांची बढती लागलेली व्हती. इमानात मुद्दाम काही टाकलं असा बोल आला तर ती गेली असती, अन् वर जेल. ते म्हणले, "चल. तू सांग, मी संगं हाय."

वारंट साहेबांना म्या सांगितलं. हिंदी मोडकी माझी, पर समजली.

"किसने डाला?"

"मैंने."

"क्यों?"

"हमारे में रीत है."

ते ओरडले न्हाईत. घड्याळ पाहिलं, सात दहा. म्हणले, "एअरक्राफ्ट ग्राउंड." म्हंजे हे इमान उडणार न्हाई. मंग, "लोड दूसरे में."

एलिव्हेटर काढून आधी तसाच घोडीवर टांगला. मागची बाजू चार बोटं खाली गेली. मंग मला म्हणले, काटो. म्या माझ्याच हातानं माझे टाके कापले. तांब्याभर पाणी निघालं. भोकांपाशी दाणे अडकलेले, फुगून मऊ झालेले. एकाला मोड आला व्हता.

तेवढ्यात पायलट आले. फ्लाइट लेफ्टनंट सेठी साहेब. वय असंल सत्तावीस. सगळं ऐकलं. म्या दाणे येचून तळहातावर घेतले व्हते. त्यायनं माझ्या तळहातावरचे दाणे पाहिले.

"बहनजी, ये हमारे खाने के थे?"

म्या मान हलवली.

"तो हमारा हिस्सा दे दो. हम चार जने हैं."

चार दाणे उचलले अन् वरच्या खिशात टाकले. बटन लावलं. मालक त्या सकाळी पहिल्यांदा हसले. उरलेले सात वारंट साहेबांनी कागदात बांधून रिपोर्टाला टाचले.

माल उतरवून दुसऱ्या इमानात भरायला येळ लागला. मालक जाताना कापडाच्या खोलीच्या दारात आले. म्हणले, "बराबर केलंस. आता डोळे पूस, सुई दिसणार न्हाई." नऊ वीसला इमान उडालं.

दहा वाजता डोंगरावर ढग उतरला. रेडिओवरचा माणूस आमच्या शेजारच्या क्वार्टरचा. त्यानं मंग मला शब्द न् शब्द सांगितला. दहा वाजून पाच मिनिटांनी सेठी साहेब बोलले, "ढग खाली येतोय. परत वळतो." टॉवरनं म्हणलं, "रॉजर. उंची सांगा." उंची आली न्हाई. टॉवरनं बारा वाजेपर्यंत हाका मारल्या.

मी त्या येळेला तोच एलिव्हेटर शिवत व्हते. वारंट साहेब दारात आले अन् टोपी काढली. त्यायनं टोपी काढलेली म्या आधी कधी पाहिली नव्हती. म्या सुई खाली ठिवली.

नवव्या दिवशी इमान सापडलं. चौकशी झाली. इमानात खोट नव्हती, मौसम खराब व्हता, असं निघालं. माझ्याबाबत वारंट साहेबांनी लिहिलं की चूक हिची, अन् सांगितलीबी हिनंच. मला काढलं न्हाई.

पर मला येळ मोजता येते, फौजेनं शिकवली. इमान आठला उडणार व्हतं, ते नऊ वीसला उडालं. आठला आभाळ साफ व्हतं. हे म्या वारंट साहेबांना एकदाच बोलून दाखवलं. ते मला घोडीपाशी घेऊन गेले अन् चार बोटं धरून दाखवली, इतकी खाली गेली व्हती. म्हणले, "उस शेपटी पे वो पहुँचते नहीं." शेपटी हा शब्द त्यायनं माझ्याकडूनच घेतला व्हता.

म्या चार बोटं माझ्या डोळ्यानं पाहिली. ते बोलले ते खरं असंल. ऐंशी मिनिटंबी खरी हायेत. दोन्ही घेऊन मी गावाला आले. आज पंचेचाळीसच्या वर सालं झाली.

शाळेत झेंड्याच्या दिवशी मला खुर्ची देतात, शाल घालतात. दोन शब्द बोला म्हणतात. मी इमानाची हाडं सांगते. स्पार, रिब, पत्रा. लेकरं ऐकतात. दाण्याचं आजवर सांगितलं न्हाई.

गोधड्या अजून शिवते. भावकीतल्या नातसुना दाणे आणून ठिवतात, मी ते चिमण्यांना टाकते. शेवटचा कोपरा आला की थांबते अन् तोंडातल्या तोंडात त्या चौघांची नावं घेते. फ्लाइट लेफ्टनंट सेठी. फ्लाइंग ऑफिसर दत्ता. सार्जंट कुट्टी. कार्पोरल किसन.

मंग गाठ मारते अन् दोरा तोडते.