फळ्याची डावी बाजू

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मास्तर हयात होते तोवर त्यांच्या नजरेची भीती होती, आणि ते गेल्यावर मनाला समजावलं की आता कोणाला काय फरक पडतो. पण अलीकडे शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. भाषणात एकाने ‘आपले उलट्या केकचे मास्तर’ असा उल्लेख केला आणि सगळा मांडव हसला. मी पहिल्या रांगेत होतो. मीही हसलो. त्या रात्री घरी येऊन लिहायला बसलो.

त्यांचं मूळचं टोपणनाव कित्याक मास्तर. आमच्या मालवणीत ‘का’ला ‘कित्याक’ म्हणतात, आणि तो प्रश्न त्यांच्याइतका मनापासून विचारणारा माणूस मी पाहिला नाही. आम्ही दोघंही त्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. मी वाक्प्रचार पाठ करून मोठा झालो होतो. मास्तरांना मात्र इंग्रजी वाक्प्रचार घशात अडकायचा, शेतक माशाचा काटा अडकावा तसा. तो बाहेर निघेपर्यंत ते दुसऱ्याला सुखाने चहा पिऊ देत नसत.

प्रेमात बुडालेल्या माणसाला इंग्रजीत ‘हेड ओव्हर हील्स’ म्हणतात, म्हणजे डोकं टाचांच्या वर. मास्तरांची आई विजयदुर्गच्या बाजारात मासळी विकायची. ते म्हणाले, “माझी आवस डोक्यार पाटी घेवन रोज बाजारात जाता. तिचा डोक्या टाचांच्या वरच आसता. मगे ती रोज प्रेमात पडता काय रे?” शिक्षकांच्या खोलीत हशा झाला. मी चिडून म्हटलं, “मास्तरानू, भाषेक रीत आसता, तर्क नसता.” ते शांतपणे म्हणाले, “रीत कोणीतरी घातलेली आसता. घालणारो चुकलो नसतलो कशावरून?”

केकवरून तर आमचं आठवडाभर जुंपलं. केक जवळ ठेवायचा आणि खायचाही, हे दोन्ही जमणार नाही, अशी ती इंग्रजी म्हण. मास्तरांचं म्हणणं, शब्दांचा क्रमच उलटा आहे. “आधी बांगडो ठेवलो, मगे खाल्लो. ह्यात अशक्य काय आसा? आधी खाल्लो आणि मगे ठेवलो, तर तो चमत्कार.” मी म्हणायचो, दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात असा त्याचा अर्थ. ते मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचे. खरं सांगतो, त्या आठवड्यात मी जितकं इंग्रजी शिकलो तितकं कॉलेजात शिकलो नाही. हे त्यांना कधी सांगितलं नाही.

वर्गात ते फळ्यावर मधोमध उभी रेघ मारायचे. डाव्या बाजूला पुस्तकातलं, परीक्षेत लिहायचं ते. उजव्या बाजूला त्यांचे ‘कित्याक’. मुलांना बजावायचे, डावी बाजू पेपरात, उजवी बाजू घरी जाताना वाटेवर. बहुतेक मुलांना ते नीट कळायचं.

एकाला कळलं नाही. शाळेच्या संस्थेचे जे अध्यक्ष होते त्यांचा तो पुतण्या. दहावीच्या पूर्वपरीक्षेत त्याने म्हण उलटी करून लिहिली. पेपर मी तपासला आणि चूक दिली. ती चूकच होती. मुलगा घरी म्हणाला, मास्तरांनी असंच शिकवलं. अध्यक्षांनी बैठक बोलावली. मास्तरांना बोलावलं नव्हतं, मला बोलावलं.

हे अध्यक्ष गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं घालणारा देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं दर मागण्याला एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लहानपणापासून ते आमच्या जिभेवर असतं; कशाला होय म्हणतोय तिकडे लक्षही नसतं. बैठकीतही ते त्याच चालीवर बोलले. मास्तर हुशार आहेत. सगळे म्हणाले, व्हय. पण पोरांना घोळात घालतात. व्हय. पुस्तकातलं सोडून भलतंच शिकवतात. व्हय. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुम्ही सांगा. मास्तर चुकीचा शिकवतत, ह्या खरा मां?”

मास्तरांनी दहावीला ती केकची म्हण शिकवली, त्या तासानंतर त्याच वर्गावर माझा बदली तास होता. फळा तसाच होता. डाव्या बाजूला म्हण बरोबर लिहिलेली होती, खाली दोन रेघा मारून. तो फळा मी माझ्या हाताने पुसला होता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी म्हटलं, “व्हय.”

सवयीने तोंडातून गेलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. दहावीचा वर्ग मास्तरांकडून काढला तर तो माझ्याकडे येणार हे मला ठाऊक होतं, आणि तो मला हवा होता. तो आला.

मास्तरांना पाचवी-सहावी दिली. तिथे ए फॉर ॲपल. विचारण्यासारखं काही नाही. फळ्यावरची रेघ गेली. शिक्षकांच्या खोलीत ते यायचे, चहा घ्यायचे, वर्तमानपत्र वाचायचे. मी एकदा मुद्दाम एक वाक्प्रचार काढला. त्यांनी नुसतं हसून पान उलटलं. आणि गावात त्यांना नवं नाव पडलं, ते मेळाव्यापर्यंत टिकलं.

निवृत्तीनंतर ते विजयदुर्गाला मूळ घरी राहायला गेले. दर चतुर्थीला मी एस.टी.ने त्यांच्या गणपतीला जायचो. शेवटच्या वेळी ते आरामखुर्चीत होते, पायांवर सूज होती. वहिनी आत गेल्यावर त्यांनी पहिल्यांदाच तो विषय काढला. “त्या बैठकीत तू होतस. माझ्याबद्दल काय विचारल्यानी तुका?”

मला प्रत्येक शब्द आठवत होता. मी म्हटलं, “आता आठवत नाय, मास्तरानू. म्हातारो झालंय.”

“जांव दे,” ते म्हणाले, आणि मला आणखी एक मोदक घ्यायला लावला.

शिमग्याच्या आधी ते गेले. बाराव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर वहिनी माझ्यापुढे चहा ठेवून बसल्या. म्हणाल्या, “तुमचा नाव काढीत होते शेवटाक. म्हणायचे, थंय सगळे माझ्यार उलाटले, पण तो एकटो माझ्या बाजून बोललो आसतलो. फळ्यार काय होता, ता त्येका माहीत होता.”

चहा संपल्यावर वहिनींनी कप उचलला आणि त्या आत गेल्या. तो विसळून त्या बाहेर येईपर्यंत मला बोलायचं वाक्य जुळवून झालं होतं. दोनच शब्दांचं होतं: व्हय म्हटलंय. त्या आल्या तेव्हा मी दारात वाकून चपला घालत होतो. गाडीची वेळ झाली, एवढंच त्यांना म्हटलं.