फणसाखालची शाळा

माझी वहिनी मुतेसी फोनवर बोलतानाही गुडघे टेकायची. पलीकडे वडीलधारं माणूस असलं की अंगणातल्या फणसाखाली झगा सावरून खाली बसायची. रेंज काय ती तिथेच यायची. मी हसायचे, "अगं, त्यांना दिसतंय थोडंच!"

"आवाजात कळतं हो, वन्सं," ती म्हणायची.

महामारीत आमच्या कालिरो गावातल्या शाळा बंद पडल्या, त्या जवळजवळ दोन वर्षं. पोरं कुणी ऊस तोडायला गेली, कुणी मासे धरायला. मुतेसी शाळामास्तरीण. जिंजा शहरातल्या एका संस्थेनं तिला काम दिलं: रोज संध्याकाळी एकेका मुलाला फोन करायचा, गणित घालायचं, उत्तर ऐकायचं. रेडिओवरचे गुरुजी आपले एकटेच बोलत सुटायचे. हिच्या साध्या बटणांच्या फोनवर पोरांनाही बोलता यायचं.

पण फोन असायचा घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती. आणि आमच्यात ख्यालीखुशाली का एका वाक्यात उरकते? कागोया नावाच्या पोरीच्या घरी तिची आजी नायगागा फोन उचलायची. दिवस कसा गेला, गुडघा कसा आहे, शेळी व्याली का, रताळ्यांना कीड तर नाही ना! एवढं होईस्तोवर ठरलेला वेळ संपायचा नि कागोयाच्या वाट्याला अर्धंच गणित यायचं.

संस्थेच्या बाईंनी बजावलं, "गप्पा पुरे. फोन लागला की थेट गणित." मुतेसीनं एकदाच ऐकलं. आजीचा आवाज येताच म्हणाली, "कागोयाला द्या."

दुसऱ्या दिवसापासून त्या घरी फोन उचलेनाच कुणी. बाजारात म्हातारीनं मलाच गाठलं. "तुझ्या वहिनीला सांग, मी काय दाराची कडी आहे, वाजवली नि आत शिरली? पोरीला तिच्या मामाकडे धाडते. ऊसतोड्यांना रांधून घालील."

ऐकून मुतेसीचं तोंड एवढंसं झालं. फडावर गेलेली पोर पुन्हा शाळेत येत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. कागोया भागाकारात आत्ता कुठे रुळली होती.

सकाळीच आम्ही दोघी गेलो. मुतेसी अंगणात गुडघ्यांवर बसली. म्हातारी शेंगा सोलत राहिली, वर बघेना. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. शेवटी म्हातारी बोलली, "शेळीला दोन झाली. परवा विचारलं असतंस तर परवाच कळलं असतं."

"चुकले, आजी. आता आधी तुम्ही, मग गणित."

"मग गणितातच घाल ना माझ्या शेळ्या! मलाही ऐकू देत."

तेव्हापासून ख्यालीखुशालीचंच गणित झालं. आजी रताळी किती निघाली ते सांगायची, कागोया ती चार घरांत वाटायची, आणि आजी मधेच ओरडायची, "माकडांनी नेलेली धर की गं!" आम्ही फणसाखाली पोट धरून हसायचो. दिवस वाईट होते, खरंच वाईट. तरी त्या संध्याकाळी आठवल्या की माझा जीव हुरहुरतो.

शाळा उघडली. कागोयाला आजीनंच हाताला धरून आणलं. पोर केवढी उंच झाली होती! मुतेसीच्या वर्गात नव्वद मुलं, कागोया शेवटच्या बाकावर. दिवसभरात तिला एकदाही बोलायला मिळालं नाही.

शाळा सुटल्यावर ती दारात घोटाळली. हळूच म्हणाली, "बाई, संध्याकाळी फोन कराल ना?"